विकतची काच

आबांच्या खोलीत मे महिन्यातही पंखा बंद असायचा. जळगावचा मे ज्यांनी सोसलेला नाही, त्यांना या वाक्यातला जुलूम कळणार नाही. दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं, कुत्री गटारात बसून राहतात, आणि हा माणूस खिडक्या लावून, पंखा बंद करून, टेरिलीनचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून एका काचेकडे बघत बसलेला.

टेरिलीनलाही कारण होतं. सुती कपड्याचे तंतू उडतात. वाळत ठेवलेल्या काचेवर एक तंतू पडला की तिथला थर तुटतो, आणि थर तुटला की वीज अडते. आमच्याकडची धूळ म्हणजे नुसती माती नाही, तिच्यात निम्मा कापूस असतो. त्यामुळे कापसाच्या मुलखात जन्म घेऊन आबांनी आयुष्यभर अंगाला सूत लावून घेतलं नाही.

दारावर त्यांच्या वळणदार अक्षरात पाटी होती: ‘काच पुसू नये. माणसं पुसून येतील.’ पाटीखाली बादली, बादलीत ओलं फडकं. आत यायचं तर खांदे, बाह्या, डोकं पुसून यायचं. एकदा जिल्ह्याचे कोणी मोठे अधिकारी आले. आबांनी त्यांच्यापुढे फडकं धरलं. अधिकारी म्हणाले, “मला ओळखलं नाही वाटतं.” आबा म्हणाले, “ओळखलं ना साहेब. कोटावर धूळ आहे.” अधिकारी दारातूनच परत गेले. “बरं झालं,” आबा म्हणाले, “कोट पुसायला वेळ लागला असता.”

आबा भौतिकशास्त्र शिकवायचे, मी मराठी. आमच्या संस्थेत मराठीच्या प्राध्यापकाचं खरं काम म्हणजे मानपत्रं लिहिणं. शाल, श्रीफळ आणि माझे तीन परिच्छेद यांशिवाय इथे कोणाचा गौरव पूर्ण होत नाही. त्यामुळे जिल्ह्यातले बरेचसे थोर लोक मी जवळून पाहिले आहेत, आणि ज्याच्यासाठी मला एकही मानपत्र लिहावं लागलं नाही असा हा एकच माणूस. म्हणून त्यांच्याबद्दल लिहायचं बाकी राहिलं होतं.

ते करत काय होते, हे मला समजलं तसं सांगतो. आपण मोबाईलच्या पडद्याला बोट लावतो आणि त्याला ते कळतं, कारण पडद्याच्या काचेवर डोळ्यांना न दिसणारा, पण वीज वाहून नेणारा एक थर असतो. तो इंडियम नावाच्या धातूपासून करतात. हा धातू जगात थोडा, महाग, आणि त्याचा थर वाकवला की तडकतो. आबांचं म्हणणं, हेच काम कार्बनकडून करून घेता येईल. कोळसा, काजळी, पेन्सिलीतलं शिसं, सगळी त्याच घराण्यातली मंडळी. “जगात पुष्कळ ठिकाणी लोक हे करताहेत,” ते आधीच सांगून टाकायचे. “माझ्याआधी करत होते, माझ्यानंतरही करतील.” त्यामुळे त्यांचा सत्कार करणं अवघड होऊन बसायचं.

ग्रॅफाइटवर ॲसिडची प्रक्रिया करून ते एक भुकटी बनवायचे. ती पाण्यात मिसळली की फिक्या चहासारखं पाणी होई. ते काचेवर पसरायचं आणि वाळू द्यायचं. वाळलेल्या तपकिरी थरातून वीज वाहत नाही. पण त्यावर लेझरची तिरीप फिरवली की जिथून ती जाते तिथे तो काळा पडतो आणि वीज वाहू लागते. मग काच पाण्याच्या ताटात अलगद सोडायची. तपकिरी भाग विरघळून जातो आणि केसासारख्या काळ्या रेघांची जाळी काचेवर उरते. उजेड रेघांच्या मधून जातो, वीज रेघांतून जाते.

ऐकायला सोपं आहे. पण रेघा जाड आणि दाट केल्या तर वीज पळते आणि काच काळी होते. बारीक आणि विरळ केल्या तर काच स्वच्छ दिसते आणि वीज वाटेत बसून राहते. या दोन्हींच्या मधली एक जागा शोधण्यात आबांची उमेदीची वर्षं गेली. नव्या काचेपुढे ते दोनच प्रश्न विचारत: “दिसतं का? वाहतं का?” हळूहळू हे दोन प्रश्न काचेपुरते राहिले नाहीत. एखाद्या प्रमुख पाहुण्यांचं तासभर भाषण झालं की ते माझ्या कानाशी येऊन म्हणत, “स्वच्छ दिसतं सगळं. वाहत मात्र काही नाही.” आमच्या उपप्राचार्यांचं वर्णन त्यांनी उलट केलं होतं. ते संस्थाचालकांचे नातलग. “तिथून वाहतं भरपूर,” आबा म्हणाले, “पण आरपार काही दिसू देत नाहीत.”

मुळात ते अमळनेरकडच्या एका खेड्यातले. एरवी प्रमाण मराठी बोलायचे, पण संयम संपला की अहिराणी सुरू व्हायची. आधी ते संस्थेच्या धुळ्याच्या महाविद्यालयात होते. तिथे संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाला सगळ्या प्राध्यापकांनी फाटकापासून दुतर्फा उभं राहून फुलं टाकायची, असा फतवा निघाला. आबा आले नाहीत. विचारलं तेव्हा म्हणाले, “तास होता.” चौकशी समितीने पुन्हा विचारलं, तर म्हणाले, “अजून तेच कारण आहे.” मग त्यांची जळगावला बदली झाली. ही शिक्षा कशी, ते जळगावकर म्हणून मला कधी कळलं नाही.

महाविद्यालयाकडे लेझर नव्हता. मागणीचा अर्ज वरून ‘योग्य वेळी विचार करू’ असा शेरा घेऊन परत आला. मग आबांनी पिंप्राळ्यातलं एक दुकान शोधलं. तिथे ॲक्रिलिकवर लेझरने नावं कोरून ट्रॉफ्या, दारावरच्या पाट्या आणि सन्मानचिन्हं बनवतात. दुकान एक ताई चालवायच्या. मशीन त्यांचं, तोंडही त्यांचंच. आबा शनिवारी स्कूटरवर डब्यात काचा घालून जायचे आणि गिऱ्हाइकांच्या रांगेत बसायचे. मीही दोन-तीनदा गेलो. मानपत्रांच्या फ्रेमा तिथेच होत.

“आबा, आज तुमचा नंबर उशिरा हं,” ताई म्हणायच्या. “क्रिकेटच्या साठेक ट्रॉफ्या आहेत. उद्या बक्षीस समारंभ, आणि अजून मॅचा व्हायच्या आहेत.”

“मग नावं कशी कोरता?”

“नावं ठरलेली आहेत ना.”

काच मशीनखाली गेली की ताई वाकून बघायच्या. “एवढ्या जाळ्या करून लावता कुठे हो? काचेतून काय डास येतात?”

“वीज यायला पाहिजे.”

“मग वायर लावा की! आणि खाली एका कोपऱ्यात नाव तरी टाकू द्या. नावाशिवाय माल माझ्या दुकानातून जात नाही.”

“रेघा तेवढ्या सरळ येऊ द्या ताई.”

“घ्या! मी वाकड्या काढते म्हणतात,” ताई मला सांगायच्या. “अहो भाऊ, तुमच्या या आबांना कोणी पुरस्कार नाही दिला का? फुकट कोरून देईन.”

दिला होता, एकदा. कुठल्याशा मंडळाचा आदर्श शिक्षक पुरस्कार. कार्यकर्ते विचारायला आले तेव्हा आबांनी विचारलं, “सन्मानचिन्ह कशाचं आहे?” “काचेचं, सर. जाड, मस्त.” “मग द्या. कोरू नका. कोरी काच द्या.” कार्यकर्त्यांना हा विनय वाटला. त्यांनी चारही कडांना वेलबुट्टी काढून मधोमध नाव कोरून आणलं. आबांनी ते व्यासपीठावरच उलटसुलट करून पाहिलं आणि माइकमध्ये म्हणाले, “वाया गेली.”

एकदा स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर आला. तरुण, उत्साही, खांदे पुसून घेतलेला. मी तिथेच होतो.

“सर, हे केळीच्या सालीपासून केलंय असं लिहू ना?”

“केळीची साल बकरीला घाला. हे ग्रॅफाइट आहे. मुंबईहून कुरिअरने येतं.”

“मग पऱ्हाटी? कापसाची पऱ्हाटी जाळून?”

“पऱ्हाटी चुलीत जळते. ग्रॅफाइट म्हणतोय ना मी.”

“सर, थोडा लोकल अँगल पाहिजे होता.”

“मी लोकल आहे ना!”

तिसऱ्या दिवशी बातमी आली. मथळा होता, ‘केळीच्या सालीतून साकारला मोबाईलचा पडदा’. सोबत केळीच्या बागेचा फोटो. प्राचार्यांनी बातमी महाविद्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, खाली टाळ्यांची रांग लागली. आबांनी त्या रांगेच्या शेवटी लिहिलं, ‘केळीचा संबंध नाही.’ मग ते स्वतः वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन बसले. खुलासा छापतो म्हणेपर्यंत उठले नाहीत. तो छापून आला निधनवार्तांच्या खाली, दीड ओळीचा. आबांनी तेवढी दीड ओळ कापून ग्रुपवर टाकली. त्यावर टाळी एकही नाही. “काय नुकसान होतं हो?” मी विचारलं. “केळीवाल्यांनाही बरं वाटलं असतं.”

“बरं वाटायला केळी आहेत की,” आबा म्हणाले. “खावीत.”

आता त्या खोलीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

विज्ञान इमारतीच्या मागची ही खोली पूर्वी मोडकी बाकं टाकायला होती. आबांनी ती मागून घेतली, भेगा बुजवल्या, खिडक्यांना रबराच्या पट्ट्या लावल्या. कॉलेजात बिनधुळीची जागा ही एकच. ती गेली तर त्यांचं काम संपलं, इतकं ते साधं होतं. आणि प्राचार्यांना नेमकी तीच खोली नवोन्मेष केंद्रासाठी हवी होती: काचेचं दार, बाहेर कोनशिला, आत गोल टेबल. नवोन्मेष काय असणार ते ठरायचं होतं. टेबल ठरलं होतं.

त्याच सुमारास महाविद्यालयाचा दर्जा तपासायला बाहेरून समिती यायची होती. प्राचार्यांनी आबांना बोलावून सौदा सांगितला. समितीपुढे तुमचं संशोधन दाखवा. समितीवर छाप पडली तर खोली तुमची. नाही पडली, तर मग संस्थेलाही विचार करावा लागेल.

“दाखवतो,” आबा म्हणाले.

“फक्त एक. तुमची काच जरा मळकट दिसते. तुमच्या कपाटात एक स्वच्छ काच आहे ना?”

ती तुलनेसाठी आणलेली बाजारातली काच होती, इंडियमच्या थराची. आबा प्रत्येक नवी काच तिच्याशी ताडून पाहायचे, आणि दर वेळी हरायचे. “ती विकतची आहे,” ते म्हणाले.

“ते कोणाला दिसतंय?”

“म्हणूनच चिठ्ठी लावतो.”

समिती येण्याआधीचा पंधरवडा महाविद्यालयात नुसतं पुसणं चाललं होतं. फरशा पुसल्या, संस्थाध्यक्षांचे फोटो पुसले, संगणक पुसले, भाड्याने आणलेल्या कुंड्यांतली पानं सुद्धा ओल्या कापसाने पुसली. प्राचार्य स्वतः हातात रुमाल घेऊन फिरायचे. कठड्यावर बोट फिरवायचे, बोट बघायचे, मग रुमाल फिरवायचे. सगळ्यांच्या हाताला ती सवयच लागून गेली. मी देखील घरी चहाचा कप विनाकारण पुसू लागलो होतो.

आबांनी टेबलावर दोन काचा शेजारी शेजारी मांडल्या. प्रत्येकीला एक बॅटरी आणि एक छोटा दिवा, वीज काचेवरूनच जाणार अशी जोडणी. विकतच्या काचेचा दिवा झगझगीत. आबांच्या काचेचा मंद, पण लागलेला, सकाळपासून न विझता. पुढे दोन चिठ्ठ्या: ‘विकतची’ आणि ‘आमची’. समिती यायच्या पाच मिनिटं आधी प्राचार्य डोकावले आणि दोन्ही चिठ्ठ्या उचलून खिशात घालून गेले. आबा तेव्हा दारात समितीसाठी फडकं पिळत होते.

समिती आली. समितीचे अध्यक्ष सफारीतले, घामेजलेले. पंखा का नाही, हे त्यांनी विचारलं नाही, पण वर पाहिलं. मागे प्राचार्य, उपप्राचार्य आणि स्वागताचं गद्य लिहिणारा मी. अध्यक्ष आबांच्या काचेवर वाकले.

“ही जरा डागाळलेली वाटते.”

एवढंच ते म्हणाले. प्राचार्यांचा हात खिशात कधी गेला आणि रुमाल काचेवरून कधी फिरला, ते त्यांनाही कळलं नसावं. पंधरा दिवसांची सवय. एक फटकारा, छान गोल. दिवा विझला.

काच मात्र लख्ख झाली होती. तिच्यातून प्राचार्यांचा टाय स्पष्ट दिसत होता.

“हा जुना नमुना होता सर,” प्राचार्य सावरत म्हणाले. “हा बघा, नवा.” आणि त्यांनी झगझगीत दिव्याकडे हात केला.

“वा!” अध्यक्ष म्हणाले. “हे इथे बनवलंत?”

“इथेच, सर. आमच्या आबांनी.”

उपप्राचार्यांनी टाळ्या सुरू केल्या. समितीतल्या दोघांनी साथ दिली. सगळे आबांकडे पाहू लागले. त्यांना काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. मान हलवायचीही गरज नव्हती. गप्प बसले असते तर खोली राहिली असती, आणि मी मनात म्हणत होतो, बसा हो गप्प, एकदा तरी.

“हाई मन्ही नही शे,” आबा म्हणाले.

अध्यक्षांना अहिराणी येत नव्हती. ते हसरा चेहरा ठेवून वाट पाहत राहिले.

“ही माझी नाही,” आबा सावकाश म्हणाले. “ही बाजारात मिळते. मी केलेली ती.” त्यांनी प्राचार्यांच्या हाताकडे बोट दाखवलं. “साहेबांच्या रुमालावर आहे.”

सगळ्यांनी रुमालाकडे पाहिलं. पांढऱ्या रुमालावर काळपट पट्टा उमटला होता.

“आणि एक बघून घ्या,” आबा पुढे म्हणाले. अंगात आल्यासारखे ते आता थांबणार नव्हते. “रेघा होत्या तोवर दिवा होता. रेघा गेल्या, दिवा गेला. म्हणजे वीज त्या रेघांतूनच जात होती, खाली कुठली वायर लपवली नव्हती. हे मी सांगितलं असतं तर तुम्ही मानलं असतं की नाही, माहीत नाही. प्राचार्यांनी करून दाखवलं.”

समितीतल्या एक बाई पुढे आल्या आणि रेघा किती रुंद होत्या, पाण्यात किती वेळ ठेवता, असं विचारू लागल्या. आबांचा चेहरा खुलला. पण अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. जेवण निवत होतं, मांडे खास मागवले होते. बाईंनी रुमालाचा फोटो काढला आणि त्याही गेल्या. सत्याचा जय वगैरे काही झाला नाही. मांडे मात्र चांगले होते, असं मागाहून कळलं.

खोली गेली, हेही सांगून टाकतो. आबा आता निवृत्त आहेत आणि ताईंच्या दुकानामागच्या अर्ध्या खोलीत तेच करतात. गेल्या दिवाळीत भेटलो तेव्हा नवी काच दाखवली. विकतच्या काचेला ती अजून हरतेच, पण थोडक्यात.

पण खोली त्या दिवशी गेली नाही. ती गेली आठवड्याने, आणि ती राखायची आणखी एक संधी त्यांना मिळाली होती.

समिती गेल्यावर आबांना पत्र मिळालं: बाहेरच्या समितीसमोर संस्थेची प्रतिमा मलिन केल्याबद्दल लेखी खुलासा करावा. प्राचार्य मनाने दुष्ट नव्हते. त्यांनी मला बाजूला घेतलं. “तुम्ही त्यांचे मित्र. त्यांना म्हणावं, एवढंच लिहा, ‘गडबडीत माझ्या तोंडून चुकीचं विधान गेलं.’ मी अहवालाला जोडतो. खोलीचा विषय पुन्हा काढणार नाही. माझा शब्द.”

मी घरी बसून मसुदा केला. चांगला जमला होता. ‘अनवधानाने’, ‘गैरसमजास वाव मिळेल अशी शब्दयोजना’, ‘संस्थेविषयी नितांत आदर’. दुसऱ्या दिवशी खांदे पुसून आत गेलो आणि कागद पुढे ठेवला. आबांनी दोनदा वाचला.

“मराठी झकास आहे,” ते म्हणाले. “यात काच कुठे आहे?”

“काच नाहीये. म्हणूनच तर चालेल.”

“म्हणजे मी त्या दिवशी खोटं बोललो?”

“खोटं नाही. चुकीचं. गडबडीत.”

“गडबड कुठे होती? सगळे टाळ्या वाजवत होते.”

“आबा,” मी म्हणालो, “एक कागद आहे. तो कोणी वाचणार नाही. फायलीत जाईल. खोली वाचेल. इतकी वर्षं घातलीत तुम्ही हिच्यात.”

“खोली वाचेल. मग या खोलीत मी करू काय?” त्यांचा आवाज चढला. “सांगा ना. उद्या मी काच लावली आणि म्हणालो दिवा लागला, तर का मानायचं कोणी? आतापर्यंत मानतात, कारण लागत नाही तेव्हा लागत नाही असं मीच सांगतो. किती वेळा सांगितलंय! विकतची जिंकली, हे दर वेळी मीच सांगितलंय. ते एवढं एकच आहे माझ्याकडे. बाकी बठ्ठं सामान उधारीचं शे.”



त्यांनी माझा मसुदा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तारीख घातली. ‘मा. प्राचार्य’ लिहिलं आणि खाली एकच ओळ लिहिली: ‘काच विकतची होती.’ सही केली. मग त्याची आणखी एक प्रत केली. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी, टेरिलीनच्या शर्टात, आम्ही दोघं मैदान ओलांडून कार्यालयात गेलो. मी सावली धरून, ते सरळ उन्हातून.

आवक टेबलावरच्या कारकुनाने कागद वाचला, उलटा केला, मागे माझं सुंदर अक्षर पाहिलं, पुन्हा सुलटा केला.

“सर, एवढंच?”

“एवढंच. पोच द्या.”

“एका ओळीची पोच?”

“ओळीत काही चूक आहे का?”

कारकून घुटमळला. त्या दिवशी चहाचा ट्रे घेऊन तो खोलीच्या दारात उभा होता, त्याने सगळं पाहिलं होतं. त्याने आतल्या केबिनच्या बंद दाराकडे पाहिलं, मग आबांकडे.

“चूक नाही,” तो म्हणाला.

“मग मारा शिक्का.”

त्याने शाईच्या पॅडवर शिक्का टेकवला आणि प्रतीवर जोरात मारला. ‘काच विकतची होती’ या ओळीखाली आमच्या महाविद्यालयाचं नाव, बोधचिन्ह आणि ज्ञानाविषयीचं संस्कृत वचन जांभळ्या गोलात उमटलं. आबांनी शाई वाळेपर्यंत कागद हवेत धरला, खोलीची किल्ली काढून कारकुनाच्या टेबलावर ठेवली आणि तिचीही पोच मागितली.